टायर कोणासाठी

सोमवार, ४ तारीख

चि. ढब्यास,

भरपूर आशीर्वाद आणि एक टपली.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा फोन पडला आणि त्याचा पार चुराडा झाला. नवा येईपर्यंत ताईचं अक्षर वाच. उत्तर घरी पाठवू नकोस, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात पाठव. घरची पत्रपेटी गळते.

काम असं. ह्यांची ती छोटी लाल गाडी तुला माहीत आहे. दोन दारांची, आत बसलं की गुडघे कानाला लागतात. ती घरात आल्यापासून घरात माझा नंबर दुसरा. तर तिचे पुढचे दोन टायर गोटा झालेत, हात फिरवला तर आपल्या मामाचं डोकं आठवतं. मागचे बरे दिसतात, पण माझं टायरचं ज्ञान बाबा दुकानात बसायचे तेव्हाचं. माप लिहून घेतलंय: १९५, ५०, पंधराचं चाक.

ह्यांचं म्हणणं, रुंद घ्यायचे, मऊ रबराचे, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले. ते तू सोडून दे. तू मला सांग, पाऊस पडतोय, रस्ता डोंगरातला आहे आणि चालवणाऱ्याचा हात फारसा बसलेला नाही, तर कुठला टायर माणसाला धडपणे खाली पोचवेल? पुढचे दोनच बदलले तर चालतील का? आणि कमी आवाज करणारे टायर असतात म्हणे, खरं का रे?

ह्यांनीच सांगितलंय की तुझ्या भावाचं दुकान आहे तर त्याला विचार, त्यामुळे चोरी नाही. पण जरा लवकर कळव. पावसाआधी व्हायला हवं.

जेवतोस ना वेळेवर? की अजून गिऱ्हाइकाच्या बॉनेटवर डबा ठेवून खातोस?

तुझी ताई

*

शनिवार, ९ तारीख

ताई,

साष्टांग नमस्कार. त्यापुढे शाळेत काय लिहायला शिकवलं होतं ते विसरलो.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानातले सगळे गोळा झाले. आमच्याकडे कागद येतो तो वीज तोडणार असले की. तुझं अक्षर बघून बरं वाटलं, पण ते असं उतरंडीला का लागलंय? टेबल नाही का दुकानात?

आता टायर. पहिलं म्हणजे फक्त पुढचे बदलायचे हे डोक्यातून काढ. सगळे तीच चूक करतात. गाडीला पुढची चाकं ओढतात, मग नवे पुढेच घाला, असं त्यांचं गणित. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटलं तर गाडी वळत नाही, सरळ जाते. पाय काढला की पुन्हा ताब्यात येते. मागचं सुटलं तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मग चांगल्या चांगल्यांच्या हातात काही राहत नाही. म्हणून दोनच घ्यायचे असले तर नवे मागे. पण मी म्हणतो, चारही घे.

रुंद नको. रुंद टायर पाण्यावर तरंगतो. शर्यतीचा मऊ रबराचा तर अजिबात नको, तो कोरड्यात चिकटतो आणि पावसात रुसतो. खोल खाचांचा, पाणी बाजूला फेकणारा घे. थोडा हळू, थोडा भित्रा, पण घरी आणून सोडतो. आवाजही कमी. आहे माझ्याकडे त्या मापाचा, मागवतो.

आणि ‘हात बसलेला नाही’ हे दाजींसमोर बोलू नकोस हं. जेवण बंद होईल तुझं.

आता दुसरं. आपला टेम्पोवाला माल घेऊन तिकडे येतो ना, तो परवा तुमच्या दुकानावरून गेला. म्हणाला, ताईंचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे, कोपरापासून बोटांपर्यंत. तू मला फोन पडला हे लिहिलंस आणि हात मोडला हे नाही लिहिलंस? काय झालं? जिना?

ढब्या

*

मंगळवार, १२ तारीख

ढब्या,

‘हो, जिना’ असं लिहिलं होतं. तो कागद फाडला.

त्या दिवशी दुकानात उशीर झाला. एक आजोबा चष्मा जमत नाही म्हणून भांडत बसले होते. घरी आले तर हे दारात उभे. ओरडले नाहीत. हे ओरडत नाहीत कधीच. शेजारीपाजारी विचारशील तर सांगतील, एवढा सभ्य माणूस शोधून सापडणार नाही. म्हणाले, चल, फिरून येऊ.

फिरून येऊ म्हणजे काय ते मला माहीत आहे. लग्नाला एक वर्ष झालं नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. गाडीत बसायचं. पट्टा मला लावायचा, स्वतःला नाही. पट्टा लावणं म्हणे भित्र्यांचं काम. मग डोंगराचा रस्ता. प्रत्येक वळणावर एक प्रश्न. कोणाशी बोलत होतीस. हसत का होतीस. उत्तर आवडलं नाही की पुढचं वळण आणखी जोरात. मी कबूल करेपर्यंत. काय कबूल करायचं ते मला कधीच ठाऊक नसतं, त्यामुळे वेळ लागतो. एकदा कठड्याला घासून माझ्या बाजूचा आरसा गेला. एकदा मी कपड्यांवर ओकले, तर गाडी थांबवून ते मला जिभेने पुसायला लावलं. हे लिहिताना मला लाज वाटतेय, बघ. त्याला नाही वाटत.

त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. ठरवलंच होतं. माथ्यावर गाडी थांबली. तो उतरला, फेरी मारून माझ्या बाजूला आला, दार उघडलं. मला वाटलं, संपलं. मी एक पाय बाहेर टाकला आणि उठायला हात दाराच्या चौकटीवर ठेवला. त्याने माझ्या हाताकडे नीट बघितलं. मग दार लावलं. सगळी ताकद लावून. उघडलं, आणि पुन्हा लावलं.

मी किंचाळले ते मला ऐकू आलं नाही, फक्त हाड ऐकू आलं. त्याने खिशातला रुमाल काढला आणि दाराला लागलेलं रक्त पुसलं. दाराचा रंग उडालाय का ते आधी बघितलं. हात नंतर.

फोनही पडला नाही, त्याने टाचेखाली घेतला.

आता ऐक. हे तुला पेटवायला लिहिलेलं नाही. तू इथे यायचं नाहीस. तुझी सावली जरी दिसली तर दुसरा हात राहणार नाही, असं तो शांतपणे म्हणालाय. पोलिसात जाऊन आले होते मी एकदा, त्यांनी त्यालाच बोलावून चहा पाजला. तू फक्त टायर पाठव, तू म्हणालास तेच, खोल खाचांचे. का, कशाला ते विचारू नकोस. माझ्यावर सोड.

तुझी ताई

*

शनिवार, १६ तारीख

ताई,

तुझं पत्र वाचताना माझ्या हातात पाना होता. समोरच्या गाडीची पुढची काच गेली. गिऱ्हाईक आतच बसलेलं होतं. बिचाऱ्याने टायरची हवा बघायला गाडी थांबवली होती.

मग मागच्या शेडमध्ये जाऊन बसलो. रडलो, सांगायला हरकत नाही. दाजी दाजी करत मी त्या माणसाच्या पाया पडलोय. त्याच्या गाडीची चाकं मी फुकट बॅलन्स करून दिलीत. त्याच चाकांवर तो तुला फिरवत होता.

येत नाही मी. तू सांगितलंस, नाही येत.

टायर टेम्पोवाल्याबरोबर मंगळवारी पाठवतो. चारही. बसवून तोच देईल, जुने तो परत आणेल. दाजींना सांग, मेव्हण्याने खास शर्यतीच्या नक्षीचे दिलेत. दिसायला तसेच आहेत, खूश होतील.

ताई, एकच मागणं. टायर बसले की तू त्या गाडीत पाऊल टाकायचं नाहीस. पोटात दुखतं म्हण, चक्कर येते म्हण, काहीही म्हण. त्याला एकट्याला जाऊ दे. कामासाठी बाहेरगावी जातोच ना तो त्या रस्त्याने, आणि पाऊस आता येईलच.

बाकी मी बघतो.

ढब्या

*

गुरुवार, २१ तारीख

ढब्या,

काय केलंस तू?

टायर बसले. काळेभोर, चकचकीत, पॉलिश ठिबकतंय. तो खूश आहे, दोनदा गाडीभोवती फिरला. आणि मी बघत राहिले, कारण चारही चाकांवर तारखेचा शिक्का दिसत नव्हता. शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि आपल्या दुकानातून चाक बाहेर पडतं ते शिक्का बाहेर ठेवूनच. गिऱ्हाइकाला वाकावं न लागता टायरचं वय वाचता आलं पाहिजे, हा बाबांचा नियम. एकदा तू उलटा बसवला होतास तर बाबांनी तुझ्या कानाखाली काढली होती. आणि आता चारही उलटे?

दुकानातून आरसा आणला, गिऱ्हाईक फ्रेम घालून बघतं तो. गाडीखाली घातला आणि वाचलं. आठवडा आणि साल. ढब्या, हे टायर माझ्या लग्नाच्याही आधीचे आहेत. शेडच्या छपरावर ऊन खात पडले होते तेच ना, भंगारवाला नको म्हणाला होता ते? नख लावून बघितलं. नख रुतलं नाही, लाकडावर लावल्यासारखं सरकलं. पावसात हे साबणावर चालणार.

तू त्याला मारायला निघालास. कळलं मला. आणि खरं सांगू? पहिला एक क्षण मला फार बरं वाटलं.

पण टायर मी माझ्यासाठी मागितले होते रे! चालवणार मी होते! हात बसलेला नाही तो माझा, बाबांनी दुकानामागच्या मोकळ्या जागेत शिकवलं तेवढाच. येत्या सोमवारी प्लास्टर निघणार. मंगळवारी पहाटे, तो उठायच्या आत, किल्ली घेऊन मी डोंगर उतरून जाणार होते. पलीकडच्या शहरात आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंच्या बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे मला काम ठरलंय, राहायला माडी आहे. बसने जाता येत नाही, पहाटे बस नसते आणि दिवसा जायचं तर बसस्टँडसमोरच त्याचं ऑफिस आहे. आणि मला ती गाडी त्याच्या हातातून काढायची होती. माझ्यावर चालवायचं हत्यार आहे ते. म्हणून कमी आवाजाचे विचारले. तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही ना, की ताई गाडी चालवेल?

चूक माझीही. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात राहिलं नसतं, तू पळत आला असतास.

आता काय झालंय ते ऐक. तो म्हणालाय, रविवारी नवे टायर बघायला वर जाऊ, दोघं. पोटात दुखतं म्हण, असं तू सहज लिहिलंस. मी नाही म्हटलं की काय होतं ते तुला लिहून कळवलं होतं ना? आभाळ भरून आलंय. रविवारच्या आत खरे टायर पाठव. त्याला सांगेन, त्या टायरांत दोष निघाला, दुकानाने बदलून दिले.

पत्र टेम्पोवाल्याच्या हातात देतेय.

ताई

*

शुक्रवार, २२ तारीख

ताई,

माझी चूक झाली. याहून मोठा शब्द मला येत नाही.

तुझ्या मापाचे नवे टायर उद्या सकाळी गोदामातून सुटतात. मी स्वतः घेऊन येतोय, दुपारपर्यंत चष्म्याच्या दुकानात. आला तो अंगावर तर येऊ दे. तोवर एक कर. गाडी हाताशी मिळाली की चारही चाकांच्या व्हॉल्व्हची टोपी काढ, पत्रासोबत छोटी चावी पाठवलीय तिने आतली पिन उलटी फिरव. हवा निघून जाईल. पिन फेकून दे. गाडी जागची हलणार नाही.

मला वाटत होतं, मी तुला सोडवतोय. तू त्या सीटवर असशील हे मला सुचलंच नाही. मी फक्त त्याचं तोंड डोळ्यांपुढे आणत होतो.

थांब. येतोय.

ढब्या

*

शनिवार, ३० तारीख

ढब्या,

जबडा तारेने बांधलाय, म्हणून लिहितेय. परवा तू पलंगाशी उभा होतास आणि मी भिंतीकडे तोंड केलं, त्याला तारेचं कारण नव्हतं.

पिन काढायला गाडी हाती लागलीच नाही. तो शुक्रवारी बाहेरगावी गेला होता, गाडी घेऊन. शनिवारी आला तो थेट दुकानाच्या दारात. तू दुपारी येणार होतास, तो त्याच्या आधी आला. पाऊस लागला होता. मालकीणबाई म्हणाल्या, ताईंना आत काम आहे. तो हसला आणि त्याने मूठ शोकेसच्या काचेवर अलगद टेकवली. मी गेले. त्या बाईंचं दुकान तरी शाबूत राहावं.

मी त्याला सांगितलं, ढब्या. पहिल्या चढालाच सांगितलं, टायर जुने आहेत, हळू घ्या. मग नीट सांगितलं, शिक्का वाचलाय मी, रबर मेलंय, मागची चाकं सुटतील. तुझं नाव घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. मला मरायचं नव्हतं. तो म्हणाला, “तुला टायरमधलं काय कळतं?” आणि पाय दाबला. पुढच्या वळणावर पुन्हा सांगितलं, ओरडून. त्याने डाव्या हाताने माझ्या तोंडावर मूठ मारली. जबडा तेव्हा गेला, अपघातात नाही. हात त्याने परत स्टिअरिंगवर नेला, पण तोवर मागची चाकं सुटली होती.

तू लिहिलं होतंस तसंच झालं. गाडी स्वतःभोवती फिरली. आम्ही उलटे, पाठीमागे चाललो होतो आणि समोरच्या काचेतून मला आम्ही आलो तो रस्ता दिसत होता. मग कठडा, मग खडक, आणि छप्पर खाली आलं. पट्ट्याने मला धरून ठेवलं. त्याला कशानेच धरलं नाही. स्टिअरिंग छातीत गेलं होतं, एक पाय गुडघ्यापासून पुढे भलतीकडे वळलेला, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. वायपर चालूच होते.

पेट्रोलचा वास यायला लागला. मी पट्टा सोडला आणि मागच्या फुटलेल्या काचेकडे सरकायला लागले, तर त्याने माझा प्लास्टरचा हात पकडला. मला वाटलं, मदत मागतोय. तो म्हणाला, “तू कुठे चाललीस?” ढब्या, मरायला टेकलेल्या माणसाच्या बोटांत एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. मी ओढलं, तो सोडेना. मग मी तोच हात वर उचलला, त्याच्या मुठीसकट, आणि त्याच्या तोंडावर मारला. परत मारला. मोडलेला हात होता माझा, आतून कळा डोक्यात जात होत्या, आणि तरी मी मारत राहिले. प्लास्टर तडकलं तेव्हा त्याची बोटं सुटली. इतकी वर्षं मी त्याच्या अंगावर कधी नख उगारलं नव्हतं.

बाहेर येऊन मैलाच्या दगडावर बसले. खालून एक ट्रक आला. मी त्यांना सांगितलं की आत माणूस आहे. सांगितलं खरं, पण धावत जाऊन नाही सांगितलं. त्यांनी पहारीने दार उपटेपर्यंत तो गेला होता.

पोलीस येऊन गेले. टायर कोणी घेतले, म्हणाले. मी कागदावर लिहून दिलं: मी. शिक्का बघायला विसरले. एक पोलीस दुसऱ्याला म्हणाला, “बायकांना टायरमधलं काय कळणार!” मी मान डोलावली. त्यांनी फाइल मिटली. तेव्हा तू आता उगाच पोलिसात जाऊन छाती बडवू नकोस. तू आत गेलास तर मला कोणी उरणार नाही, आणि मी एकटी पडायला जिवंत राहिलेले नाही.

पण माफ केलंय असं समजू नकोस. तो मला न विचारता सीटवर बसवायचा, आणि तूही मला न विचारताच सीटवर बसवलंस. त्याचा राग आता कोणावर काढू? तो गेला. तू आहेस, म्हणून तुझ्यावर निघतोय. आणखी बरेच दिवस निघेल. तू मात्र येत राहा. मी तोंड फिरवलं तरी उभा राहा.

महिन्याभराने मी पलीकडच्या शहरातल्या दुकानात रुजू होतेय. हात सुटला की गाडी नीट शिकणार आहे, चार पैसे जमले की एखादी जुनी, साधी गाडी घेईन. चारही टायर नवे घालेन, खोल खाचांचे, तू सांगितलेस तेच.

घेईन मात्र दुसऱ्या दुकानातून.

तुझी ताई